स्वतःचे सोशल नेटवर्क: सॉफ्टवेअर कोणते आणि दप्तर कोणाचे?

रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस वसलेला सुभानपुरा हे बडोद्यातील मराठी जीवनाचे मूळ स्थान नव्हे. गायकवाडी अमलात ते जीवन दांडिया बाजार, रावपुरा आणि त्यांच्या अवतीभवतीच्या वाड्यांतून नांदत होते. पुढे १९४९ साली संस्थान विलीन झाले, दरबारी नोकऱ्यांचे युग संपले, आणि १९६२ साली स्थापन झालेली गुजरात राज्य खत कंपनी, १९६५ साली सुरू झालेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना व १९६९ सालचा पेट्रोकेमिकल्सचा उद्योग यांनी शहराची वाढ जुन्या तटाबाहेर ओढून नेली, तेव्हा वाड्यांतील पुढच्या पिढ्याही हळूहळू पश्चिमेकडील सोसायट्यांत राहावयास गेल्या. वाड्यात वार्ता पसरविण्यासाठी निराळी योजना करावी लागत नसे. ओसरीवर उच्चारलेला शब्द परसदारी पोहोचावयास घटका पुरे. सोसायट्यांत विखुरलेल्या कुटुंबांना मात्र एकमेकांचे क्षेमकुशल कळण्यासाठी काही साधन लागते, आणि ते साधन आज बहुधा खिशातील फोनवर कोणा परदेशी कंपनीने फुकट दिलेले असते.

अशा वसाहतीतील एखादे मराठी मंडळ वाचकांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. त्याची तीनशे कुटुंबे. गणेशोत्सवाची वर्गणी, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागरी, दिवाळी अंकांचे फिरते वाचनालय, मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या, आणि पुण्यास, बंगळुरास किंवा न्यू जर्सीस गेलेले परंतु बडोद्याचा लोभ न सुटलेले जुने सभासद. मंडळाचा सारा व्यवहार व्हॉट्सअॅपच्या एका गटात चालतो. २०२२ पासून अशा गटात १०२४ माणसे मावतात, म्हणून संख्येची अडचण नाही. अडचण निराळीच आहे. तीन वर्षांपूर्वी सभागृहाच्या भाड्याविषयी काय ठरले होते हे शोधू लागले, तर सुप्रभातच्या शेकडो चित्रांखाली तो निर्णय पुरला गेलेला असतो. नव्या सभासदास मागील कामकाजाचा थांग लागत नाही. आणि चिटणीसांचा फोन हरवला की मंडळाची निम्मी स्मृतीही त्याबरोबर जाते. मग कोणा उत्साही तरुणाच्या मनात येते की, आपलेच एक सोशल नेटवर्क का उभारू नये? या विचारास पोषक असे सॉफ्टवेअर आज पुष्कळ आहे, त्यातील बरेचसे विनामूल्य आहे, आणि नेमकी त्यामुळेच निवड कठीण होऊन बसली आहे. या प्रकरणाचा उद्देश त्या निवडीस काही क्रम लावून देणे हा आहे.

फुकटच्या जागेचा इतिहास

दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार किती दिवस टिकतो याचे दाखले गेल्या वीस-बावीस वर्षांत विपुल मिळाले आहेत. जानेवारी २००४ मध्ये गूगलने सुरू केलेले ऑर्कुट हे भारतात आणि ब्राझीलमध्ये विलक्षण लोकप्रिय झाले. गावांच्या, शाळांच्या, आडनावांच्या नावे तेथे मंडळ्या स्थापन झाल्या. आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी, तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन, ते बंद करण्यात आले. याहू ग्रुप्समधील जुना मजकूर काढून टाकण्याचे २०१९ साली जाहीर झाले व १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाही संपली. गूगल प्लस २०११ साली जन्मास आले आणि एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांपुरते निवर्तले. बंगळुरात जन्मलेल्या व मराठीसह अनेक भारतीय भाषांचा पुरस्कार करणाऱ्या 'कू'नेही जुलै २०२४ मध्ये आपले दुकान आवरले, यावरून हा दोष केवळ परकीयांचा नव्हे हेही ध्यानात यावे.

यांपेक्षा अधिक बोधप्रद कथा निंगची आहे. नेटस्केपच्या निर्मितीमुळे ख्यात झालेले मार्क अँड्रीसन आणि जीना बियांकीनी यांनी स्थापिलेल्या या कंपनीचे कार्यच मुळी कोणालाही स्वतःचे सोशल नेटवर्क उभारून देणे हे होते; जगभरच्या शिक्षकांनी, छंदिष्टांनी व स्थानिक मंडळांनी तेथे आपापली जाळी विणली. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने विनामूल्य जाळी बंद करून केवळ पैसे भरणाऱ्यांस ठेवण्याचे जाहीर केले, आणि ज्यांना वाटत होते की आपण मालक आहोत त्यांना एका दिवसात उमगले की आपण मर्जीवर राहणारी कुळे होतो. नाव आपले, रंग आपला, सभासद आपले. परंतु दप्तर दुसऱ्याच्या कोठारात, आणि कोठाराची किल्लीही त्याच्याच कमरेला. सॉफ्टवेअरच्या निवडीतील पहिला प्रश्न म्हणूनच सोयींचा किंवा सौंदर्याचा नसून दप्तराच्या ताब्याचा आहे.

मराठी माणसाचा अनुभव

स्वतःचे दप्तर स्वतः राखण्याचा प्रयोग मराठी भाषेत नवा नाही. १९९६ च्या गणेशोत्सवात अमेरिकेतील मराठी मंडळींनी सुरू केलेली 'मायबोली' ही या परंपरेची आद्य संस्था होय. त्या वेळी ऑर्कुट अथवा फेसबुक यांचा जन्मही झाला नव्हता, आणि पडद्यावर देवनागरी उमटविणे हाच एक पराक्रम होता. पुढे २००४ साली 'मनोगत', २००७ साली 'मिसळपाव' आणि २०११ साली 'ऐसी अक्षरे' अशी स्थळे निघाली. यांपैकी मायबोली व मिसळपाव यांनी 'द्रुपल' या मुक्त सॉफ्टवेअरचा आधार घेतला, जे बेल्जियमच्या द्रीस बायटार्ट यांनी २००१ साली सर्वांसाठी खुले केले होते.

या स्थळांनी परक्या साच्यात आपला जीव ओतला, ही गोष्ट निवड करणाऱ्याने नीट अभ्यासावी अशी आहे. खाजगी संदेशाचा तेथे 'व्यनि' झाला, दुसऱ्याच्या पानावर चार ओळी टाकण्याच्या जागेला कोठे 'खरडवही' तर कोठे 'विचारपूस' म्हणू लागले, चर्चेचा 'धागा' झाला, आणि एकाच माणसाने दोन नावांनी वावरण्याच्या खोडीला 'डुआयडी' हे खास नाव मिळाले. मनोगताने शुद्धलेखन तपासण्याची सोय लेखनाच्या चौकटीतच आणून बसविली, जी बड्या कंपन्यांकडून मराठीस मिळावयास फार काळ वाट पाहावी लागली. हे सारे शक्य झाले ते सॉफ्टवेअर मुक्त होते म्हणून. त्याच्या आतील रचनेस हात घालण्याची, त्यातील प्रत्येक शब्द बदलण्याची सनद वापरणाऱ्यास मिळालेली होती.

परंतु त्याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. द्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये निघाली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत सांभाळ थांबला. तिच्यावरून पुढील आवृत्तीवर जाणे म्हणजे किरकोळ डागडुजी नव्हे, तर सारा मजकूर नव्या रचनेत हलविणे होय, व त्यासाठी जाणता माणूस लागतो. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते याचा अर्थ ते फुकट सांभाळले जाते असा नाही. ज्या मराठी स्थळांनी दीर्घायुष्य मिळविले त्यांच्या मागे वर्षानुवर्षे रात्री जागून देखभाल करणारी, भांडणे मिटविणारी, पदरचा पैसा घालणारी मोजकी माणसे होती. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत या माणसांचा उल्लेख नसतो, आणि निवडीचा निर्णय मात्र अखेर त्यांच्यावरच अवलंबून असतो.

एकाच छताखाली बसणारी साधने

उपलब्ध साधनांची ढोबळ विभागणी दोन वर्गांत करता येते. पहिल्या वर्गात एकाच सर्व्हरवर, एकाच मंडळापुरती चालणारी साधने येतात. वर्डप्रेस हे संकेतस्थळ उभारण्याचे सॉफ्टवेअर पुष्कळांच्या परिचयाचे आहे; त्यास २००९ साली पूर्णत्वास आलेली 'बडीप्रेस' ही पुरवणी जोडली असता सभासदांची ओळखपाने, मैत्री, गट, खाजगी निरोप आणि ताज्या घडामोडींचा ओघ एवढ्या सोयी मिळतात. याचा मोठा गुण असा की, वर्डप्रेस जाणणारा माणूस बडोद्यासारख्या शहरात सहज सापडतो, आणि त्याचे मराठी रूपही स्वयंसेवकांनी सिद्ध केलेले आहे. 'हमहब' हे जर्मनीत घडलेले साधन अधिक आटोपशीर असून त्यात प्रत्येक उपक्रमासाठी स्वतंत्र दालन उघडता येते. गणेशोत्सव समितीचे एक, वाचनालयाचे दुसरे, शिष्यवृत्ती समितीचे तिसरे, व कोणत्या दालनात कोणास प्रवेश हे कार्यकारिणीने ठरवावे. 'एल्ग' हे २००४ पासूनचे, शिक्षणक्षेत्रात मुरलेले सॉफ्टवेअर. ते तयार घरापेक्षा घराचा सांगाडा देते, म्हणून प्रोग्रामिंग जाणणारा हाताशी असेल तरच त्याच्या वाटेस जावे. द्रुपलविषयी वर सांगितलेच आहे: घडविता येईल तेवढे घडवा, पण घडविणारा पाहिजे.

ही चारही साधने पीएचपी भाषेत लिहिलेली असून मायएसक्यूएल किंवा तत्सम माहितीकोशावर चालतात, आणि सामान्य होस्टिंग कंपनीकडील माफक वार्षिक भाड्याच्या जागेतही त्यांचा निर्वाह होतो. तीनशे कुटुंबांच्या मंडळास ही गोष्ट लहान नाही. कारण जे साधन खजिनदारांच्या डोळ्यांत न खुपता वर्षानुवर्षे चालेल तेच टिकते.

संघराज्यातील साधने

दुसऱ्या वर्गातील साधने संघीय म्हणविली जातात. येथे प्रत्येक मंडळाचा सर्व्हर स्वतंत्र असतो, परंतु एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्या सर्व्हरवरील सभासदाचे लेखन वाचू शकतो, त्यास उत्तर देऊ शकतो. ही कल्पना समजून घेण्यास बडोदेकरांना दूर जावयास नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम अॅलन्सन बोर्डेन या ग्रंथपालास पाचारण केले, त्याने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, आणि त्याबरोबरच प्रांतोप्रांती व गावोगावी ग्रंथालयांचे जाळे पसरले. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, असा शिरस्ता होता. त्यामुळे गावचे ग्रंथालय गावाचेच राहिले, आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. स्थानिक मालकी आणि सार्वत्रिक देवघेव यांचा हा मेळ आज संघीय सोशल नेटवर्क घालू पाहत आहे.

या प्रकाराचा पहिला गाजलेला यत्न 'डायस्पोरा' हा होय. न्यूयॉर्कमधील चार विद्यार्थ्यांनी २०१० साली त्यासाठी दहा हजार डॉलरांची याचना केली असता लोकांनी सुमारे दोन लाख डॉलर देऊ केले, इतका फेसबुकविषयी असंतोष तेव्हाच साचला होता. त्याच वर्षी निघालेले 'फ्रेंडिका' हे साधन अजूनही साध्या होस्टिंगवर चालते. परंतु या वर्गाला खरी प्रतिष्ठा दिली ती जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली प्रसृत केलेल्या 'मॅस्टोडॉन'ने, आणि 'अॅक्टिव्हिटीपब' या सामाईक नियमावलीने, जिला वेबच्या मानकांची व्यवस्था पाहणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ही नियमावली पाळणारी निरनिराळी सॉफ्टवेअरेही एकमेकांशी बोलू शकतात, हे तिचे मर्म.

भारतात मॅस्टोडॉनचे नाव नोव्हेंबर २०१९ मध्ये एकाएकी सर्वतोमुखी झाले, जेव्हा सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले आणि त्याच्या निषेधार्थ पुष्कळांनी तिकडे धाव घेतली. तो ओघ लवकरच आटला. आलेल्यांना तेथे आपली माणसे दिसली नाहीत, आणि मनुष्य माध्यमासाठी कोठे राहत नाही, माणसांसाठी राहतो. मंडळाने यावरून एवढे घ्यावे की, सभासद जेथे आधीच एकमेकांना ओळखतात तेथे ही उणीव भासत नाही. म्हणजेच लहान, परिचित समुदायास स्वतःचे जाळे जितके साधते तितके अनोळखी लोकसमूहास साधत नाही.

मात्र संघराज्याची किंमत द्यावी लागते. मॅस्टोडॉन चालविण्यास पोस्टग्रेस, रेडिस, पार्श्वभूमीस अखंड काम करणारे साइडकिक अशा अनेक यंत्रणा एकत्र नांदवाव्या लागतात. शिवाय आपला सभासद परगावच्या ज्या ज्या माणसास अनुसरतो त्यांची चित्रे आपल्या सर्व्हरवरही येऊन साठतात, आणि वेळोवेळी झाडलोट न केल्यास साठवणुकीची जागा पाहता पाहता भरून जाते. बाहेरून येणाऱ्या अश्लील वा द्वेषपूर्ण मजकुरावर पहारा ठेवणे हे आणखी एक ओझे. सभासदाने सर्व्हर बदलावयाचे ठरविल्यास त्याचे अनुयायी नव्या जागी नेता येतात, जुने लेखन मात्र नेता येत नाही; ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवावी.

परवान्याचा विचारही येथेच उरकून घेऊ. मॅस्टोडॉन, डायस्पोरा आणि हमहब यांचा परवाना एजीपीएल जातीचा आहे. तो २००७ साली सिद्ध झाला आणि त्याचा दंडक असा की, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ते जालावर लोकांस वापरावयास दिले, तर फेरफार केलेली मूळ संहिता त्या लोकांस उपलब्ध करून दिली पाहिजे. वर्डप्रेस, द्रुपल व एल्ग यांच्या जीपीएल परवान्यात, जालावरील वापरापुरते, हे बंधन नाही. मंडळास यात भिण्याजोगे काही नाही. फक्त बदल करून देणारा व्यावसायिक 'ही माझी गुप्त विद्या आहे' असे सांगू लागल्यास त्यास परवाना दाखवावा.

सुभानपुरा आणि सुभानपुऱ्यात

आता मराठीच्या कसोटीकडे वळू. विक्रेत्याने वा स्वयंसेवकाने दाखविलेल्या नमुन्यावर भाळण्यापूर्वी पुढील प्रयोग स्वतः करावा. एक निरोप असा लिहावा: 'सुभानपुऱ्यातील सभासदांनी वर्गणी भरावी.' मग शोधाच्या चौकटीत 'सुभानपुरा' असे टंकून पाहावे. बहुतेक सॉफ्टवेअर काहीच सापडले नाही म्हणून सांगेल. कारण मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, 'पुरा'चा 'पुऱ्या' होतो, हे त्याच्या गावीही नसते. 'सुभानपु' एवढेच टंकिले असता निरोप सापडत असेल, तर शब्दाच्या आरंभावरून शोधण्याची सोय त्यात आहे असे समजावे, आणि मराठीपुरते ते बरेच झाले.

याच शब्दातील 'ऱ्या' हेही परीक्षेचे स्थान आहे. हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठविता येते: निराळ्या 'ऱ' या वर्णाने, किंवा साध्या 'र'पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही सारखी. यंत्रास दोन्ही भिन्न. 'ॲ' या अक्षराचीही तीच गत आहे. २००८ साली युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान मिळाले, परंतु कित्येक कीबोर्ड अजून 'अ'वर चंद्र ठेवूनच ते लिहितात, म्हणून एका सभासदाने लिहिलेला 'ॲडमिशन' दुसऱ्याच्या शोधास सापडत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शोधापूर्वी अशा जोड्या एकरूप करून घेण्याची व्यवस्था बसविता येते ते मराठी मंडळाच्या अधिक उपयोगाचे.

तिसरी कसोटी भावचिन्हांची. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाने जी व्यवस्था दीर्घकाळ चालत आली, तिच्यात एका अक्षरास तीन बाइटांहून अधिक जागा मिळत नसे. देवनागरी अक्षरास तीन पुरतात, पण फुलाच्या वा दिव्याच्या भावचिन्हास चार लागतात. त्यामुळे 'वहिनींना वाढदिवसाच्या शुभेच्छा' यापुढे फूल काढून कोणी आणखी चार ओळी लिहिल्या, तर जुन्या मांडणीत फुलापासूनचा सारा मजकूर नाहीसा होई. २०१० पासून चार बाइटांची सुधारलेली व्यवस्था उपलब्ध आहे. आपल्या माहितीकोशात तीच वापरली आहे याची खातरजमा पहिल्याच दिवशी करावी, कारण पुढे हजारो नोंदी झाल्यावर बदल करणे कष्टाचे होते.

बडोद्यास आणखी एक खास अडचण आहे. येथील मराठी घरांतून आजी देवनागरी लिहिते, मुलगा गुजराती शाळेत शिकल्यामुळे गुजराती लिपीत सहज लिहितो, आणि नात रोमन लिपीत. सभासदाने आपले नाव या तिन्हींपैकी एकाच लिपीत नोंदविले, तर इतर दोन लिपींत शोधणाऱ्यास तो सापडत नाही, आणि मग त्याच माणसाची दुसरी, तिसरी नोंद होऊन यादी फुगते. म्हणून नोंदणीच्या अर्जात नाव किमान दोन लिपींत घेण्याचे रकाने वाढविता येतात की नाही, हे निवडीपूर्वी पाहावे. आडनावांची वर्णानुक्रमे यादी काढून 'क्ष' आणि 'ज्ञ' कोठे पडतात हेही एकदा तपासावे. आपल्या अपेक्षेप्रमाणे ते शेवटी येतीलच असे नाही.

सरकारदरबारी जबाबदारी

मंडळाने आपल्या सर्व्हरवर दुसऱ्यांचे लेखन ठेवले की, कायद्याच्या दृष्टीने ते मध्यस्थ होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमाने मध्यस्थास इतरांच्या लेखनाबद्दल संरक्षण दिले आहे, परंतु ते सशर्त आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार वापराच्या अटी प्रसिद्ध करणे, तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव-पत्ता जाहीर करणे, आणि आलेल्या तक्रारीचा ठराविक मुदतीत निकाल लावणे ही कर्तव्ये मध्यस्थावर येतात. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या बड्या कंपन्यांवरील जादा बंधने लहान मंडळास लागू नाहीत. मुदती मात्र सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून प्रचलित नियम पाहूनच वागावे. सॉफ्टवेअरच्या निवडीशी याचा संबंध असा की, तक्रारीची नोंद, मजकूर तात्पुरता झाकून ठेवणे, आणि कोणी केव्हा काय काढले याची नोंदवही, या सोयी त्यात असल्याच पाहिजेत.

दुसरा कायदा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम होय; त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. शिष्यवृत्तीच्या निमित्ताने मुलांच्या गुणपत्रिका गटात टाकण्याची सवय असलेल्या मंडळांनी हे कलम दोनदा वाचावे.

नोंदणी मोबाइल क्रमांकावरून करावी की ईमेलवरून, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु भारतात संस्थेच्या नावे एसएमएसने ओटीपी पाठवावयाचा तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेची व संदेशाच्या मसुद्याची आगाऊ नोंदणी करावी लागते, व प्रत्येक संदेशास पैसे पडतात. ईमेलचा मार्ग स्वस्त, मात्र वडीलधाऱ्या सभासदांपैकी अनेक जण ईमेल उघडतच नाहीत. लहान मंडळास तिसरा मार्ग उत्तम: चिटणीसांनी सभासदत्वाच्या नोंदवहीवरून खाती स्वतः उघडून द्यावी आणि परस्पर नोंदणीचे दार बंदच ठेवावे. त्यामुळे डुआयडीचा उपद्रवही मुळातच टळतो.

किल्ल्या कोणाकडे?

शेवटचा विचार कारभाराचा, आणि अनुभवान्ती असे दिसते की जाळी बुडतात ती बहुधा येथेच. उत्साही तरुण आपल्या नावाने, आपल्या कार्डावरून संकेतस्थळाचे नाव नोंदवितो. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त परदेशी जातो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडते, आणि एके सकाळी मंडळाच्या पत्त्यावर तिऱ्हाइताची जाहिरात झळकते. यात सॉफ्टवेअरचा दोष काडीमात्र नसतो. संकेतस्थळाचे नाव मंडळाच्याच नावे असावे, पैसे मंडळाच्या खात्यातून जावे, आणि प्रवेशाचे परवलीचे शब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे व एका मोहोरबंद लिफाफ्यात असावे.

त्याचप्रमाणे दप्तराची प्रत दर आठवड्यास आपोआप दुसऱ्या ठिकाणी जाईल अशी तजवीज हवी. आणि प्रत निघते एवढ्यावर संतुष्ट न राहता वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सारे जाळे रिकाम्या सर्व्हरवर पुन्हा उभे करून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर भरवसा ठेवणे व्यर्थ. सॉफ्टवेअर निवडताना हाच प्रयोग आधी करावा: दहा सभासद व शंभर निरोप घालून पाहावे, सर्व मजकूर बाहेर काढावा, आणि तो दुसऱ्या जागी पुन्हा बसतो का ते तपासावे. जे सॉफ्टवेअर आत घेताना मोकळे आणि बाहेर सोडताना कंजूष आहे, ते कितीही देखणे असले तरी नाकारावे.

निवाडा

एवढ्या विवेचनानंतर वाचक स्पष्ट उत्तर मागतील, आणि ते देणे लेखकाचे कर्तव्य आहे. दोन-चारशे कुटुंबांच्या मंडळात थोडेफार संगणक जाणणारे एक-दोन सभासद असतील, तर हमहब किंवा वर्डप्रेससह बडीप्रेस यांपैकी जे त्यांना परिचित वाटेल ते घ्यावे. लेखन, वाद आणि साहित्य हेच मंडळाचे प्राण असतील, व घडविणारा कुशल हात कायमचा लाभत असेल, तर द्रुपलचा मराठी अनुभव पाठीशी आहे. बडोदे, इंदूर, पुणे आणि परदेश येथील अनेक मंडळांना आपापली स्वायत्तता राखून एकमेकांशी जोडून घ्यावयाचे असेल, तर आणि तरच, फ्रेंडिका अथवा मॅस्टोडॉनकडे वळावे. पण सर्व्हर सांभाळणारे दोन जबाबदार इसम मिळाल्यावाचून नव्हे. आणि असा एकही माणूस नसेल, तर मंडळाने नवे जाळे उभारण्याच्या भरीस न पडता सध्याचाच गट चालू ठेवावा, निर्णय मात्र इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहून ठेवावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपदाखाली बडोद्यास एक्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरील मराठी समाज आपली संस्था किती निष्ठेने चालवू शकतो याचे दर्शन घडले. तीच शिस्त येथे लागते. म्हणून ज्यांच्या मनात स्वतःचे सोशल नेटवर्क उभारण्याचे आहे त्यांना एवढीच विनंती की, कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी कार्यकारिणीची एक सभा बोलवावी आणि दप्तर कोणाच्या मालकीचे, किल्ल्या कोणाकडे, खर्च कोणत्या खात्यातून आणि तक्रार कोणी ऐकावयाची, या चार बाबींचा ठराव रीतसर मंजूर करून घ्यावा. हा ठराव ज्या मंडळास करता येत नाही, त्यास कोणतेही सॉफ्टवेअर तारणार नाही.